किती कापायचे, हे कशावरून ठरते?

मऊ ऊतींच्या गाठी म्हणजे चरबी, स्नायू, मज्जातंतू, रक्तवाहिन्या, कंडरा आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारी तंतुमय ऊती यांतून वाढणाऱ्या गाठी. त्यांतल्या बहुसंख्य कॅन्सरच्या नसतात. कॅन्सरच्या एका गाठीमागे कॅन्सर नसलेल्या किमान १०० असतात, असे ढोबळ प्रमाण सांगितले जाते. त्या १०० मध्येही मोठा वाटा साध्या चरबीच्या गाठींचा, म्हणजे लायपोमांचा असतो आणि त्यांच्याविषयी मला इथे काही लिहायचे नाही. लिहायचे आहे ते उरलेल्यांविषयी. ग्लोमस ट्यूमर, श्वानोमा, नोड्युलर फॅसायटिस, इलास्टोफायब्रोमा, हायबर्नोमा, डेस्मॉइड अशी नावे असलेल्या या गाठी सर्वसाधारण शल्यविशारदाला क्वचितच भेटतात आणि भेटतात तेव्हा बहुधा दुसऱ्याच कशाच्या तरी नावाने भेटतात.

या गाठींच्या शस्त्रक्रियेत हात किती सफाईने चालतो, याला मी दुसरे स्थान देतो. पहिले स्थान किती कापायचे या प्रश्नाला आहे. विल्यम एनेकिंग या अमेरिकी अस्थिशल्यविशारदाने १९८० मध्ये मांडलेल्या पद्धतीपासून गाठ काढण्याच्या चार पातळ्या मानल्या जातात: गाठीच्या आत शिरून ती काढणे, तिच्या कवचालगतून काढणे, भोवतालच्या निरोगी ऊतीचा थर घेऊन काढणे आणि ती ज्या कप्प्यात आहे तो कप्पाच काढणे. आता कोपराच्या खाली, हाताच्या आतल्या बाजूला लागणारी दोन-तीन सेंटिमीटरची एखादी टणक गाठ घ्या. ती श्वानोमा, म्हणजे मज्जातंतूच्या आवरणाची गाठ असेल तर कवच उघडून तेवढीच सोडवून घ्यायची आणि मज्जातंतू जागेवर ठेवायचा. नोड्युलर फॅसायटिस असेल तर काही आठवडे वाट पाहिल्यास ती आपोआप विरून जाण्याची चांगली शक्यता असते. डेस्मॉइड, म्हणजे स्नायूंत घुसणारी पण दूर न पसरणारी तंतुमय गाठ असेल तर सुरुवातीला सुरीला हातच लावायचा नाही. आणि सार्कोमा, म्हणजे कॅन्सरच निघाला, तर निरोगी ऊतीच्या थरासकट ती एकाच वेळी, अखंड काढायची. बोटांना या चारही गाठी सारख्याच लागू शकतात. म्हणून 'आधी काढू, मग रिपोर्टमध्ये काय येते ते पाहू' हा खाक्या मला पटत नाही. रिपोर्ट हाती येतो तोवर किती कापायचे याचा निर्णय होऊन गेलेला असतो आणि तो मागे घेता येत नाही.

निदानाची सुरुवात रुग्णाच्या बोलण्यापासून होते आणि तिथेच दोन समजुती आडव्या येतात. पहिली अशी की, दुखत नाही ती गाठ निरुपद्रवी. प्रत्यक्षात मऊ ऊतींचे बहुतेक सार्कोमा सुरुवातीला मुळीच दुखत नाहीत. उलट जिवाला काडीचाही धोका नसलेले ग्लोमस ट्यूमर आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूची अँजिओलायोमायोमा नावाची गाठ माणसाची झोप उडवतात. दुसरी समजूत अशी की, झपाट्याने वाढली ती कॅन्सरची. नोड्युलर फॅसायटिस एक-दोन आठवड्यांत उगवून सगळ्यांना घाबरवते, तर सायनोव्हियल सार्कोमा काही जणांत वर्षानुवर्षे इतका संथ राहतो की त्याची घरात सगळ्यांना सवय होऊन जाते. वेग आणि वेदना दोन्ही विचाराव्यात, लिहून ठेवाव्यात. पण त्यांच्यावरून निकाल देऊ नये. त्याऐवजी गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे का, स्नायूंवरच्या तंतुमय आवरणाच्या खाली आहे का, वाढते आहे का आणि पूर्वी काढलेली असून परत आली आहे का, हे चार प्रश्न अधिक कामाचे आहेत. यांपैकी एकाचेही उत्तर 'हो' असेल, तर एमआरआय झाल्याशिवाय त्या गाठीला सुई किंवा सुरी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच बैठकीत अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग आहेत का आणि घरात कुणाला मोठ्या आतड्यातील पॉलिपचा आजार होता का, हेही विचारून घ्यावे. पहिला प्रश्न न्यूरोफायब्रोमॅटोसिस, म्हणजे मज्जातंतूंवर अनेक गाठी आणणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी आणि दुसरा डेस्मॉइडसाठी.

वरवरच्या लहान गाठीला सोनोग्राफी पुरते. गाठ पाण्याची आहे की भरीव, तिच्यात रक्तप्रवाह किती आहे, ती मज्जातंतूला चिकटलेली आहे का, हे चांगला रेडिओलॉजिस्ट तिथल्या तिथे सांगतो. खोलवरच्या गाठीसाठी एमआरआयला पर्याय नाही, आणि तो बायोप्सीच्या आधीच व्हायला हवा, कारण सुईमुळे झालेला रक्तस्राव आणि सूज नंतरच्या चित्रात गोंधळ घालतात. साधा एक्स-रे मात्र हल्ली अकारण विसरला जातो. मार लागल्यानंतर स्नायूत हाड तयार होण्याचा एक विकार आहे, मायोसायटिस ऑसिफिकन्स. त्याच्या पहिल्या काही आठवड्यांत मध्यभागातून सुईने तुकडा घेतला, तर सूक्ष्मदर्शकाखाली तो हाडाच्या कॅन्सरसारखा दिसू शकतो. त्याची खूण अशी की त्यात पक्के हाड कडेला असते आणि कच्ची ऊती मध्ये. चार ते सहा आठवड्यांनी काढलेल्या एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये ही बाहेरची कड स्पष्ट दिसते आणि सुईची गरजच संपते.

जिथे चित्रावरून नाव ठरत नाही, तिथे बायोप्सी. बारीक सुईने पेशी ओढून घेण्याची तपासणी, जिला सगळे एफएनएसी म्हणतात, ती थायरॉइडला आणि लसीकाग्रंथींना उपयोगी आहे. मऊ ऊतींच्या गाठींत मात्र पेशींच्या रचनेवर निदान अवलंबून असल्याने सुट्या पेशी बहुधा अपुऱ्या पडतात. त्यामुळे जाड सुईने, सहसा १४ किंवा १६ गेजच्या, ऊतीचे सलग तुकडे घेण्याची कोअर बायोप्सी करावी. सुई कुठून घालायची हे मात्र पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्याने ठरवायला हवे. सुईचा मार्ग पुढच्या छेदाच्या रेषेवरच हवा, म्हणजे गाठ वाईट निघाल्यास तो मार्गही गाठीबरोबर काढता येतो; हातापायांवर तो छेद लांबीच्या दिशेने असतो, आडवा कधीही नाही. हेन्री मँकिन हे अमेरिकी अस्थिशल्यविशारद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हाडांच्या आणि मऊ ऊतींच्या कॅन्सरच्या ३२९ रुग्णांच्या बायोप्सींचा आढावा घेतला तेव्हा निदानातील मोठ्या चुकांचे प्रमाण १८.२ टक्के निघाले. १९९६ मध्ये ५९७ रुग्णांवर हाच अभ्यास पुन्हा केला, तेव्हा ते १७.८ टक्के होते. इतक्या वर्षांत फरक जवळजवळ शून्य. ज्या ठिकाणी पुढचे उपचार होणार नव्हते तिथे बायोप्सी केली असता अडचणी कैक पटींनी वाढत होत्या, हाही त्यांचाच निष्कर्ष.

तुकडा प्रयोगशाळेत जातो त्याबरोबर एक फॉर्म जातो आणि त्या फॉर्मवर बहुतेक वेळा 'गाठ' एवढाच मजकूर असतो. याचा मला मनापासून राग येतो. रुग्णाचे वय, गाठीची नेमकी जागा, खोली, आकार, वाढीचा वेग आणि एमआरआयमध्ये काय दिसले, हे कळल्याशिवाय पॅथॉलॉजिस्टने नाव सांगावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. नोड्युलर फॅसायटिसचेच पाहा. १९५५ मध्ये तिचे पहिले वर्णन झाले ते सार्कोमाचा आभास निर्माण करणारा विकार म्हणूनच, कारण तिच्यात पेशी गर्दीने आणि जोमाने विभाजित होत असतात. 'तीन आठवड्यांपूर्वी उगवलेली, दोन सेंटिमीटरची, त्वचेखालची गाठ' हे एक वाक्य फॉर्मवर असले, की पॅथॉलॉजिस्टचा विचार योग्य दिशेने वळतो. २०११ मध्ये या गाठीत यूएसपी६ नावाच्या जनुकाची दुसऱ्या जनुकाशी जोडणी होते असे आढळले, आणि आता शंका असल्यास ती जोडणी तपासता येते. खोलवरची मोठी चरबीची गाठ साधी आहे की लायपोसार्कोमाच्या, म्हणजे चरबीच्या कॅन्सरच्या, संथ प्रकाराच्या जातकुळीतली, हे एमडीएम२ या जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत का यावरून ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात मऊ ऊतींच्या गाठींचे कॅन्सर आणि बिगर-कॅन्सर असे दोनच गट नाहीत. मध्ये आणखी दोन आहेत: जागच्या जागी आक्रमकपणे वाढणाऱ्या पण सहसा न पसरणाऱ्या, आणि क्वचित पसरणाऱ्या. रुग्णाला 'कॅन्सर नाही' एवढेच सांगून मोकळे होणाऱ्यांनी हे मधले दोन गट लक्षात ठेवावेत.

ग्लोमस ट्यूमर ही माझ्या विशेष आस्थेची गाठ आहे, कारण इतकी लहान गोष्ट इतका छळ क्वचितच करते. बोटांच्या टोकांत तापमानानुसार रक्तप्रवाह कमी-जास्त करणारी सूक्ष्म यंत्रणा असते. तिच्यातल्या पेशींची ही गाठ बहुधा नखाखाली होते आणि तिचा आकार काही मिलिमीटर असतो. पिएर मासाँ यांनी १९२४ मध्ये तिचे मूळ ओळखले. तीन लक्षणे ठरलेली: अधूनमधून उठणारी तीव्र कळ, नेमक्या एका बिंदूवर दाबल्यास होणारी असह्य वेदना आणि थंडीचा त्रास. रुग्ण, ज्यांत स्त्रिया अधिक, थंड पाण्यात हात घालत नाहीत, ते बोट सतत वर धरून ठेवतात आणि अनेकदा मानेचा मणका, संधिवात किंवा 'मनाचे खेळ' अशी निदाने घेऊन वर्षांनी पोचतात. बाहेरून काहीच दिसत नसल्याने घरचेही त्यांच्यावर पुरता विश्वास ठेवत नाहीत. निदानाला मात्र टाचणीचे डोके पुरते. त्याने नखावर एकेक बिंदू दाबत गेले, की एका जागी रुग्ण हात झटक्यात मागे घेतो आणि त्याच्या शेजारच्या बिंदूवर काहीही होत नाही. मग दंडावर रक्तदाब मोजायचा पट्टा फुगवून रक्तप्रवाह थांबवावा आणि पुन्हा दाबावे. वेदना नाहीशी झाली, तर शंका उरत नाही. एमआरआय जागा निश्चित करायला मदत करतो, पण फार लहान गाठ त्यात निसटू शकते. म्हणून एमआरआय कोरा आला तरी या तपासण्यांवर मी अधिक विश्वास ठेवतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी बोट बधिर करण्याच्या आधी रुग्णालाच दुखरी जागा दाखवायला सांगून तिथे पेनाने खूण करावी. एकदा भूल दिली की ती जागा सांगणारे कुणी उरत नाही. बोटाच्या मुळाशी रबरी पट्टा बांधून रक्तप्रवाह थांबवतात, नख अलगद उचलतात आणि भिंगाचा चष्मा लावून खालच्या नाजूक ऊतीवर लांबीच्या दिशेने छेद घेतात. आत करड्या-गुलाबी रंगाचा, किंचित पारदर्शक मणी दिसतो. तो कवचासह पूर्ण सुटला पाहिजे, कारण मागे राहिलेला कणही पुन्हा दुखतो. नंतर हाडाच्या बाजूला आणि कडांना आणखी एखादा मणी नाही ना, हे पाहून घ्यावे लागते. छेद केसासारख्या बारीक, विरघळणाऱ्या धाग्याने शिवायचा आणि तेच नख वर पुन्हा बसवायचे, म्हणजे ते झाकणाचे काम करते. नखाच्या बाजूने शिरण्याचीही पद्धत आहे. तिच्यात नख वेडेवाकडे वाढण्याचा धोका कमी, पण मधोमध असलेल्या गाठीपर्यंत नजर नीट पोचत नाही. मध्यभागी असलेल्या गाठीसाठी मी नखातूनच जावे या मताचा आहे. वाकडे नख सहन होते, राहिलेली गाठ होत नाही. एकाहून अधिक बोटांत ग्लोमस ट्यूमर निघाले, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या पहिल्या प्रकाराची तपासणी करायलाच हवी.

श्वानोमात प्रश्न उलटा आहे. तिथे जास्त कापणे हाच धोका. मज्जातंतूच्या आवरणातल्या श्वान पेशींची ही गाठ मज्जातंतूच्या एका कडेला वाढते आणि आतले धागे बाजूला ढकलते. त्यांच्यात मिसळत नाही. तपासताना ती मज्जातंतूच्या आडव्या दिशेने हलते, लांबीच्या दिशेने हलत नाही, आणि तिच्यावर टिचकी मारली की त्या मज्जातंतूच्या पट्ट्यात मुंग्या येतात. एवढे दोन धडे बोटांना माहीत असले, तरी बराच अनर्थ टळतो. तो अनर्थ असा: मनगटावरची किंवा मानेतली श्वानोमा गँगलियन (सांध्याजवळची पाण्याची गाठ), चरबीची गाठ किंवा लसीकाग्रंथी समजून काढायला घेतली जाते, वर-खाली जाणारा दोर 'देठ' म्हणून कापला जातो आणि रुग्ण शुद्धीवर येतो तो लुळा हात घेऊन. असे रुग्ण दुसरीकडून माझ्याकडे आलेले आहेत. पुढे मज्जातंतू जोडता येतो, पण गेलेली ताकद पूर्ण परत येईल याची हमी कुणी देऊ शकत नाही.

नीट केलेली शस्त्रक्रिया शांत, संथ असते. मज्जातंतू गाठीच्या वर आणि खाली, निरोगी भागात आधी मोकळा करून घ्यायचा. भिंगातून किंवा सूक्ष्मदर्शकातून गाठीवर पसरलेले धागे पाहायचे, विद्युत उद्दीपकाने कुठला धागा स्नायू हलवतो हे तपासायचे आणि जिथे धागा नाही अशा जागी लांबीच्या दिशेने आवरण उघडायचे. योग्य थर सापडला, की शेंगेतून दाणा निघावा तशी गाठ सुटते. शेवटी एक किंवा दोन धागे गाठीत शिरताना आणि बाहेर पडताना दिसतात. ते बहुधा निकामी झालेले असतात आणि तेवढेच कापावे लागतात. काही आठवडे बधिरपणा किंवा मुंग्या राहू शकतात, हे रुग्णाला आधीच सांगावे. एमआरआयमध्ये चित्र स्पष्ट असेल, तर या गाठीत मी सुईची बायोप्सी टाळतो, कारण सुई अक्षरशः विजेच्या झटक्यासारखी लागते आणि निरोगी धागेही दुखावू शकते. न्यूरोफायब्रोमा या मज्जातंतूच्याच दुसऱ्या गाठीत धागे गाठीतच विणलेले असल्याने असे सोडवणे अनेकदा शक्य नसते. तिथे काढणे किती गरजेचे आहे हाच पहिला प्रश्न असतो. न्यूरोफायब्रोमॅटोसिस असलेल्या रुग्णाची जुनी गाठ अचानक वाढू किंवा सतत दुखू लागली, तर मात्र दिवस न दवडता तपासावे, कारण तिथे कॅन्सरची शक्यता खरी आहे.

इलास्टोफायब्रोमाबद्दल थोडक्यात. खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकाशी, स्नायूंच्या आड, उतारवयात आणि स्त्रियांमध्ये अधिक आढळणारी ही गाठ यार्वी आणि सॅक्सेन या फिनलंडच्या संशोधकांनी १९६१ मध्ये वर्णिली. हात पुढे घेतला की ती उठून दिसते, हात खाली घेतला की पात्याखाली लपते, आणि बरेचदा दोन्ही बाजूंना असते. जागा आणि चित्र इतके ठरलेले, की त्रास नसेल तर बायोप्सीही नको आणि शस्त्रक्रियाही नको. काढली, तर मागच्या पोकळीत पाणी साठण्याचा त्रास वारंवार होतो. हायबर्नोमा तपकिरी चरबीची असते. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या पेट स्कॅनमध्ये ती लखलखते आणि कॅन्सर पसरल्याची भीती घालते. तिला रक्तपुरवठा भरपूर असतो, एवढे शस्त्रक्रियेआधी ध्यानात ठेवले की पुरे.

डेस्मॉइडने मात्र आमच्या पिढीला आपली शिकवण मोडून पुन्हा मांडायला लावली. ही गाठ दूर कुठे पसरत नाही, पण स्नायूंत मुळे पसरावीत तशी घुसते, त्यामुळे पूर्वी ती शक्य तितकी रुंद काढण्याचा आग्रह असे. रुंद काढूनही, कडा स्वच्छ असूनही, ती परत येत असे. मग पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा वाढ, आणि शेवटी गाठीपेक्षा उपचारांनीच हात किंवा पाय निकामी होई. आता असे दिसून आले आहे की बऱ्याच डेस्मॉइड आपोआप वाढायच्या थांबतात आणि काही आकसतातही. सोराफेनिब या औषधाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ३३ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या, आणि नुसती औषधाविना गोळी घेणाऱ्यांतही हे प्रमाण २० टक्के होते. हा दुसरा आकडा मला पहिल्यापेक्षा अधिक बोलका वाटतो. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार निदान बायोप्सीने पक्के झाल्यावर सुरुवातीला ठरावीक अंतराने एमआरआय करत लक्ष ठेवावे, आणि वाढ किंवा त्रास होत राहिला तरच औषधांकडे वळावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये निरोगासेस्टॅट या गोळीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डेस्मॉइडसाठी मान्यता दिली. या गाठीसाठी म्हणून मान्यता मिळालेले ते पहिले औषध. शस्त्रक्रियेला जागा उरली आहे, पण ती निवडक रुग्णांत, उदाहरणार्थ पोटाच्या भिंतीतली वाढती गाठ, आणि तीही कार्य न गमावता काढता येत असेल तरच.

हे रुग्णाला पटवणे सोपे नसते. 'डॉक्टर, गाठ आहे हे दिसते आहे, मग काढत का नाही?' हा प्रश्न रास्त आहे, आणि 'थांबू' हे उत्तर ऐकून काही जण दुसरीकडे जाऊन काढून घेतात. मी त्यांना एमआरआयची पुढची तारीख, कुठल्या बदलावर निर्णय बदलेल हे, आणि तोवर दुखण्यासाठी काय घ्यायचे हे लिहून देतो. नुसते 'लक्ष ठेवू' म्हटले तर त्यांना हात झटकल्यासारखे वाटते आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. डेस्मॉइडमध्ये बीटा-कॅटेनिन या प्रथिनाच्या जनुकातला नेहमीचा बदल सापडला नाही, तर आतड्याच्या आनुवंशिक पॉलिपच्या आजाराचा विचार करून कोलोनोस्कोपी सुचवावी लागते. अशा वेळी 'हातातल्या गाठीसाठी आतड्याची तपासणी कशाला?' हेही समजावून सांगावे लागते.

शस्त्रक्रियेनंतरची देखरेखही गाठीच्या नावाप्रमाणे बदलते. ग्लोमस ट्यूमर काढल्यावर जखमेचे दुखणे ओसरूनही जुनीच कळ तशीच राहिली, तर काही मागे राहिले असे धरून पुन्हा तपासावे. काही वर्षे बरे गेल्यावर कळ परत आली, तर ती बहुधा नवी गाठ असते. पूर्ण निघालेल्या एकट्या श्वानोमाला दरवर्षी एमआरआयची गरज नाही. रुग्णाने मात्र दोन गोष्टी स्वतःकडे ठेवाव्यात: शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत आणि पॅथॉलॉजीच्या स्लाइड, तसेच मेणाचे ठोकळे कुठे आहेत याची माहिती. त्या ठोकळ्यांतली ऊती वर्षांनंतरही तपासता येते. पूर्वी 'तंतुमय गाठ' एवढेच लिहिलेल्या एखाद्या रिपोर्टमागे डेस्मॉइड होती का, हे आज त्याच ठोकळ्यावर बीटा-कॅटेनिनची तपासणी करून पाहता येते आणि रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागत नाही.